कुजलंय, असं लिहून द्या!

कोथरूडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी मला म्हणाले, "गुलमोहर आतून कुजलाय, एवढं दोन ओळींत लिहून द्या." तेव्हा तो गुलमोहर अंगभर फुलला होता. पाकळ्या सेक्रेटरींच्या नव्या गाडीच्या टपावर पडत होत्या आणि झाडाचा खरा आजार तोच होता. मी म्हटलं, "अहो, पण फुललाय की चांगला." ते म्हणाले, "फुलं काय, प्लॅस्टिकच्या झाडालाही असतात." मी म्हटलं, "मग प्लॅस्टिकचं झाड हलवायला माझा दाखला कशाला? आपणच उचलून कोपऱ्यात ठेवा की." त्यांनी आत चहा सांगितला होता. तो आलाच नाही.

माझी निम्मी कारकीर्द अशा न आलेल्या चहांवर गेली. संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा, थोडं हलकंफुलकं" असं कळवलं आहे. हलकंफुलकं एवढंच होतं, ते वर संपलं.

मी झाडं तपासायचे. म्हणजे न कापता, न भोसकता, उभं झाड आतून धड आहे की गेलेलं, हे विजेच्या मदतीने पाहायचे. निकाल मनासारखा आला की लोक मला झाडांची डॉक्टरीणबाई म्हणायचे, नाही आला की मशीनवाली बाई. मूळची मी उपकरणांच्या डिप्लोमाची. हडपसरच्या एका लहान कारखान्यात आम्ही लाकडातला ओलावा मोजायची मीटरं बनवायचो. लाकडाचे व्यापारी ती घ्यायचे, कारण ओल्या लाकडाचं दार पावसाळ्यात फुगतं आणि गिऱ्हाईक शिव्या घालत परत येतं. मग देशात परदेशी मालाला मोकळीक झाली. बाहेरची गुळगुळीत मीटरं आमच्या अर्ध्या किमतीत येऊन पडली. मालक मला म्हणाले, "बाई, आता बनवायचं नाही. आणायचं आणि विकायचं." मला विकता येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. मी बाहेर पडले. मेलेल्या लाकडाचा ओलावा मोजता येतो तर जिवंत झाडाचा का नाही, या एका प्रश्नावर मी माझं यंत्र घरच्या जेवणाच्या टेबलावर जोडलं. वर्षभर आम्ही जमिनीवर बसून जेवलो. नवरा म्हणाला, "पचन सुधारतं म्हणतात." त्याचा पाठिंबा असा असायचा.

कामाची रीत सोपी आहे. ओल्या हाताने बटण दाबलं तर झटका बसतो, कोरड्या हाताला सहसा बसत नाही. लाकडाचंही तसंच. बुंध्याभोवती दाभणाएवढ्या बारीक सुया, सालीतून लाकडाला टेकतील एवढ्याच, टोचायच्या. रक्त तपासताना माणसाला टोचतात तेवढंच. मग दोन सुयांमधून जराशी वीज सोडायची आणि तिची वाटेत किती अडवणूक होते ते पाहायचं. धड लाकडात रस असतो, वीज बेताने अडते. आत पोकळी असेल तर वळसे घेत जाते आणि आकडा चढतो. उलट बुरशीने लाकूड मऊ आणि चिकचिकीत करून ठेवलं असेल तर वीज सुळकन निघून जाते, आकडा घसरतो. रक्तदाबासारखंच आहे हे, फार चढला तरी काळजी, फार उतरला तरी काळजी.

याच्या पुढची एक पायरी आहे, आणि खरी अक्कल तिथे लागते. वीज हळू आणि जलद अशा दोन चालींनी सोडून पाहायची. जिवंत पेशीला आवरण असतं. हळू चालीची वीज त्या आवरणापाशी अडते, जलद चालीची आरपार जाते. म्हणून जिवंत लाकडात दोन चालींचे आकडे वेगवेगळे येतात. मेलेल्या लाकडात ही आवरणं फाटलेली असतात, तिथे दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच. झाड बोलतं वगैरे काही नाही. पण हे दोन आकडे शेजारी ठेवले की ते खोटं बोलू शकत नाही, एवढं खरं.

माझा एक नियम होता. आकडा आला की तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. ज्याने पैसे दिले त्याच्या कानात सांगायचा नाही. झाड पाडू नका म्हणून भांडणारे मला कधीकधी आपल्या बाजूची समजायचे आणि मी "हे गेलंय, उतरवा" म्हटलं की फितूर म्हणायचे. मी झाडांची वकील नव्हते. एका शाळेच्या आवारातलं हिरवंगार दिसणारं मोठं शिरिषाचं झाड मी आतून पोकळ आहे म्हणून सांगितलं होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, त्याची सावली बघा." मी सावली मोजायला गेले नव्हते. ते पडलं तेव्हा सुदैवाने शाळेला सुट्टी होती. तेव्हा अजून चार वेळा जाऊन, दारात बसून का सांगितलं नाही, असं मला आजही वाटतं. कुजलेल्याला तोंडावर कुजलेलं म्हणता आलं, तरच धड झाडाला धड म्हणायचा आपल्याला हक्क.

या नियमानेच मला एकदा चांगलं अडचणीत आणलं. ती गोष्ट सांगण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला आहे.

हडपसरच्या पलीकडे, मांजरीच्या अंगाला, माझ्या लहानपणी ऊस होता तिथे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. एका संगणक कंपनीने गावातल्या एका शेतकऱ्याकडून जमीन घेतली होती. मुख्य फाटक रस्त्यावर जिथे यायचं होतं, नेमका तिथे एक पिंपळ होता. तिघांनी हात धरले तर कवेत यावा एवढा बुंधा, भोवती दगडी पार, पाराला लागून पत्र्याचं लहानसं बुद्धविहार आणि त्यामागे चाळीसेक घरांची बौद्ध वस्ती. रविवारी वंदना पाराजवळच व्हायची. एरवी पोरं तिथे अभ्यास करायची आणि म्हातारी माणसं त्यांना अभ्यास करू द्यायची नाहीत.

झाड धोकादायक ठरलं असतं तर आठवड्याभरात उतरवता आलं असतं. निरोगी ठरलं तर नोटीस, हरकती, सुनावणी असं सगळं रांगेने यायचं. पालिकेच्या उद्यान अधिकाऱ्यांनी आधी तपासणी करून आणा म्हटल्यावर कंपनीने मला बोलावलं. त्यांचा प्रोजेक्ट मॅनेजर अमेय म्हणून एक तरुण होता. मुलगा वाईट नव्हता. त्याच्याकडे प्रत्येक कामाला एक तारीख असायची आणि पिंपळाची तारीख उलटून गेली होती.

मी सुया लावल्या तेव्हा सगळी वस्ती जमली. पुढे केरूआबा होते. सत्तरीच्या पलीकडचे, उंच, पांढरा सदरा, डोक्याला काही नाही. विहाराची किल्ली त्यांच्याकडे असायची आणि वस्तीत शेवटचा शब्दही. मी आधी सगळ्यांना आकड्यांचा अर्थ समजावला, मग कामाला लागले. जमिनीलगत आकडा ठीक आला. कमरेच्या उंचीवर घसरला. छातीच्या उंचीवर आणखी घसरला. मी बुंध्याभोवती फिरत गेले, एकेक आकडा मोठ्याने वाचत गेले आणि प्रत्येक आकड्यागणिक आबांचा चेहरा उतरत गेला.

"ताई, परत बघा," ते म्हणाले.

मी परत पाहिलं. तेच आलं.

अमेय सगळं लिहून घेत होता. "मॅडम, लो म्हणजे डिके ना? तुम्हीच मघाशी एक्सप्लेन केलंत."

"अर्धी तपासणी व्हायची आहे अजून," मी म्हटलं.

"हो, हो, करा ना," असं म्हणत तो फोन कानाला लावून लांब गेला. झाड कुजलंय ही बातमी माझी सुई निघायच्या आत त्याच्या हेड ऑफिसला पोचली होती.

मी दोन चालींची तपासणी केली आणि माझंच डोकं फिरलं. त्या घसरलेल्या आकड्यांच्या जागी दोन चालींचे आकडे स्वच्छ वेगळे येत होते. म्हणजे लाकूड जिवंत. यंत्र एकाच तोंडाने सांगत होतं की इथलं लाकूड गेलंय आणि तेच लाकूड जिवंत आहे. मी शिडी मागवली. डोक्याच्या वर हातभर गेल्यावर आकडे पुन्हा ठीक. म्हणजे बिघाड होता तो फक्त कमरेपासून डोक्यापर्यंत, बुंध्याच्या सगळ्या बाजूंनी, पट्टा बांधल्यासारखा. आता बुरशी काही कंबरपट्टा बांधून येत नाही. ती मुळातून वर चढते, नाहीतर तुटलेल्या फांदीतून खाली उतरते. कमरेपासून डोक्यापर्यंत असतो तो माणसाचा हात. हे कुणीतरी केलेलं होतं, आणि विजेला इतकी सोपी वाट करून देणारी, माणसाने झाडात घालायची वस्तू एकच. लोखंड.

साल मात्र गुळगुळीत होती. मी आबांना विचारलं, "कधी पाट्या लावल्या होत्या का? काटेरी तार? खिळे?"

आबा ताठ झाले. "आमच्या झाडाला कुणी खिळा मारत न्हाय. वर्सातून एकदा झेंडा लावतो, तो बी दोरीनं."

जमीन विकणारे शेतकरी, ज्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, ते त्या दिवशी तिथेच होते. पांढराशुभ्र विजार-सदरा, नवी मोटार, बोलणं अतिशय अदबीचं. त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "छे छे. आमच्या गावात असलं काही नव्हतं बाई."

"असलं म्हणजे कसलं?" हे विचारायला हवं होतं. ते मला घरी गेल्यावर सुचलं. खरं तर सुचायला मला इतरांपेक्षा कमी वेळ लागायला हवा होता. मीही बौद्ध घरातली. पण माझे वडील सरकारी कारखान्यात फिटर होते आणि भूत, नवस, अंगारा हे शब्द आमच्या घरात शिवीसारखे होते. आजीने देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हाताने बाहेर काढले होते आणि आधी काय होतं, हे तिने कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. ती माणसं एक दार बंद करून आली होती. त्या दाराकडे तोंड करून बसायची आम्हाला शिकवणच नव्हती.

चार दिवसांनी मी पुन्हा गेले, कुणी न बोलावता. कंपनीच्या तात्पुरत्या फाटकावर रखवालदार येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावरून धातू शोधायची दांडी फिरवत होता. मी ती मागितली. तो बिहारचा तरुण होता, म्हणाला, "मॅडम, पेड़ में बम है क्या?" पण सोबत आला, आणि स्वतःच फार गंभीर चेहऱ्याने पिंपळाची झडती घेऊ लागला. लोखंड खोल गेलं असावं, बऱ्याच ठिकाणी दांडी गप्प राहिली. रस्त्याच्या बाजूला एक जुना खड्डा होता, कधीतरी फांदी निखळून पडली असेल तिथे, आणि तिथली साल फारशी वाढली नव्हती. तिथे दांडी ओरडली. जरा खाली ओरडली. शेजारी पुन्हा ओरडली. पोरं टाळ्या वाजवायला लागली. आबा विहाराच्या पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "पोरांनो, घरी जा." पोरं गेली. रखवालदारही दांडी घेऊन निघून गेला.

मी पायरीवर आबांच्या शेजारी बसले. ते समोर बघतच बोलायला लागले.

"गावात कुणाच्या अंगात यायचं, कुणाचं पोर दगवायचं, की अप्पांचा आजा देवऋषी आणायचा अवसेला. लिंबू, बिब्बा, आन हा एवढा खिळा, लोहाराकडनं करून घेतलेला. भूत खिळायचं ते हितं, आमच्या दारात. गावच्या देवळापुढं बी पिंपळ व्हता की. तिथं न्हाय खिळलं कुणी. भुताचा पिंपळ नाव पडलं. मंग आम्ही भुताच्या पिंपळाचे."

"आणि मग?"

"दीक्षा घिऊन आलो त्या साली आम्ही पोरांनी ठरवलं, हे खिळे आता ठिवायचे न्हाईत. उपटाया गेलो तर निघंनात. साल फाटाया लागली, चीक गळाया लागला. झाडाचा काय गुन्हा? मंग एकानं कारखान्यातनं करवतीचं पातं आणलं. एकेका खिळ्याचं डोकं कापलं, पार सालीला लावून. झाडानं पुढं गिळलं त्यांस्नी. त्या दिवसापासनं ह्यो आमचा बोधिवृक्ष."

माझ्या यंत्राला सापडलेलं कोडं सुटलं होतं. असा निकाल लागला की मला एरवी फार आनंद व्हायचा. त्या दिवशी झाला नाही, कारण पुढचं वाक्य मला दिसत होतं आणि आबांनाही.

"आता मी सायबापुढं उभं ऱ्हाऊन सांगायचं, ह्यो भुताचा पिंपळ व्हता म्हणून?"

"मी तसं म्हटलेलं नाही, आबा."

"तुमी न्हाय म्हणणार. पर दुसरं कोण सांगनार? त्या टायमाची माणसं गेली सगळी. ताई, माझ्या पोराला शाळंत भुताच्या झाडाचा म्हणायचे. नातवाला न्हाय म्हणलं कुणी. त्येला ठाव बी न्हाय. तेवढ्यासाठी हे तोंड बंद हाय."

"आणि झाड गेलं तर?"

"झाड गेलं तर दुसरं लावू. नाव परत चिकटलं तर कुठं पुसू?"

मी संतापून घरी आले. कंपनीवर नाही, आबांवर तर नाहीच. ज्यांनी खिळे ठोकले त्यांना "असलं काही नव्हतं" एवढं म्हणून मोकळं होता येत होतं, आणि ज्यांनी त्यांची डोकी कापली त्यांनी मान खाली घालायची, याचा मला संताप आला होता. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "अहवालात काय लिहिणार?" मी म्हटलं, "लोखंड आहे, लाकूड धड आहे. कुणी घातलं ते यंत्र सांगत नाही." मी तसंच लिहिलं, आणि वस्तीची गोष्ट त्यात घातली नाही. ती माझी नव्हती.

अमेयने अहवाल वाचून मला फोन केला. "मॅडम, तुम्ही आधी लो म्हणालात, आता हेल्दी म्हणताय. हेड ऑफिसला काय सांगू? थोडं रिकन्सिडर करा ना. पुढे आमच्या तीन साइट्स येतायत." मी म्हटलं, "तीनही साइटवरची झाडं नशीबवान आहेत, माझ्या सहीशिवाय मरतील." त्या कंपनीने मला पुन्हा बोलावलं नाही, त्यांच्या ओळखीतल्या इतर दोघांनीही नाही. नाही बोलावलं. मी उपाशी मेले नाही.

मग पालिकेचे उद्यान अधिकारी साहेब स्वतः जागेवर आले. शांत, थकलेला, धुळीने भरलेल्या चपलांचा माणूस. एका बाजूला अमेय, अप्पा आणि कंपनीची माणसं, दुसऱ्या बाजूला वस्ती. केरूआबा पाराच्या टोकाला बसले होते, मांडीवर एक कापडी पिशवी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी कंबरपट्ट्याचं सगळं समजावलं. साहेबांनी नीट ऐकलं आणि सरळ विचारलं, "बाई, एवढं लोखंड याच्या आत गेलं कसं?"

मी आबांकडे न बघता सुया पुसायला घेतल्या. माझ्या आयुष्यात मी मुद्दाम गप्प राहिल्याचे प्रसंग थोडे आहेत, हा त्यातला एक.

अप्पा म्हणाले, "पोरांनी जाहिरातीच्या पाट्या मारल्या असतील, साहेब. दुसरं काय असणार?"

"पाट्यांचे खिळे वरवरचे असतात," अमेय म्हणाला. "त्यामुळे एवढे रीडिंग्ज डाऊन जाणार नाहीत. सर, सिम्पल आहे, ड्रिल करून बघू. दहा-बारा होल्स मारले की कळेल."

"दहा-बारा भोकं पाडल्यावर ते नक्कीच धोकादायक होईल," मी म्हटलं. "माणूस निरोगी आहे का, हे त्याला भोसकून बघतात का? मग मला कशाला बोलावलंत? सुतार बोलवायचा."

कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "बाई, तुमचं मला पटतंय. पण हा रहदारीचा रस्ता होणार आहे. मनात शंका राहिली तर मला सुरक्षित बाजूने निर्णय द्यावा लागेल. लोखंड आहे म्हणता, कुठून आलं ते कुणी सांगत नाही. मी काय धरून चालू?"

तेव्हा आबा उठले. वस्तीतल्या एका बाईने त्यांच्या सदऱ्याला हात लावल्याचं मला आठवतं. तिला माहीत असावं.

"भुतं हायती त्यात," आबा म्हणाले. "गावची. आमची न्हाईत."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. मला पायरीवर सांगितलं होतं तेच, पण आवाज वेगळा होता. तेव्हा ते समोर बघत बोलले होते, आता एकेकाकडे बघत बोलले. देवऋषी, लिंबू, खिळे, गावच्या देवळापुढचा पिंपळ, करवतीचं पातं. त्यांचा नातू गर्दीत होता, कॉलेजात जाणारा. आबांनी त्याच्याकडे पाहून शेवटचं वाक्य म्हटलं, "त्यांनी ठोकले, आमी कापले. ह्यात लाजायचं कुनी ते तुमी ठरवा."

अप्पा म्हणाले, "आबा, उगाच कशाला जुनं..."

"साहेबाला खिळा पायजे ना?" आबांनी पिशवीतून पटाशी, हातोडी आणि पक्कड काढली. मग माझ्याकडे वळले. "ताई, ती दांडी सगळ्यात जास्त कुठं वरडली व्हती?"

इतकी वर्षं मी कुणालाही झाडाला जखम करू दिली नव्हती. ड्रिल घेऊन आलेल्या माणसांशी मी भांडले होते, साधी पाटी लावणाऱ्यांशी भांडले होते. मी त्या जुन्या खड्ड्यावर बोट ठेवलं. आबांनी पटाशी लावली.

पहिल्याच घावाला पांढरा चीक आला आणि बुंध्यावरून ओघळला. आबांचे घाव बरोबर एकाच जागी पडत होते. नातू पुढे झाला, त्याला त्यांनी मानेनेच बाजूला केलं. ढलप्या पडत होत्या. फिकट, कडक, कच्च्या लाकडाच्या वासाच्या. मग लाकडात एक काळा डाग दिसला आणि डागाच्या मधोमध लोखंड. आबांनी पक्कड लावली, पाय पाराला रेटला, आणि वीतभर लांबीचा खिळा हळूहळू बाहेर आला. त्याला डोकं नव्हतं. जिथे कापला होता तिथे तो अजून सपाट होता.

साहेबांनी एक ढलपी उचलली, बोटांनी मोडायचा प्रयत्न केला. मोडली नाही. चिकाने भरलेली बोटं त्यांनी एकमेकांवर घासली आणि म्हणाले, "हे कुजलेलं नाही." मग अमेयला म्हणाले, "फाटक सरकवा."

"सर, पण डिझाइन फायनल झालंय..."

"डिझाइन अजून कागदावर आहे. झाड जमिनीत आहे."

माझं काम तिथे संपलं. मी जखमेच्या कडा साफ केल्या, पाणी साचू नये म्हणून खालची कड उतरती करून घेतली, सुया गोळा केल्या. आता तपासणीला परदेशी यंत्रं आली आहेत, बुंध्याच्या पोटाचं रंगीत चित्र काढून देणारी. चांगली आहेत. माझ्या यंत्राला चित्र नव्हतं, नुसता काटा होता, आणि ते आता कुणी बनवत नाही, याची मला खंत आहे. पण रंगीत चित्रात लाल ठिपका दिसला की "कुजलंय" म्हणून सही करणाऱ्यांना मी एवढंच सांगते, आधी झाडाच्या आसपास कोण राहतं ते बघा, आणि आपण नको तो प्रश्न विचारतोय असं वाटलं तरी विचारा.

लोक पांगायला लागले होते. आबांनी खिळा सदऱ्याच्या टोकाने पुसला. मला वाटलं, ते तो विहारात ठेवतील नाहीतर नाल्यात भिरकावतील. ते तसेच चालत अप्पांच्या मोटारीपाशी गेले. अप्पा दार उघडून आत बसण्याच्या बेतात होते. आबांनी खिळा त्यांच्यासमोर धरला.

"घ्या अप्पा. तुमच्या आज्याचा हाय. आमच्याकडं लय वर्सं ऱ्हायला."

अप्पांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळी वस्ती थांबून बघत होती. साहेबही थांबले होते. आबांनी हात मागे घेतला नाही, खाली केला नाही. म्हाताऱ्या हाताला कळ लागत असणार.

शेवटी अप्पांनी खिळा घेतला.